रायफलीच्या नळीचं तोंड मीच कापलं

अर्ज चौकशीकामी जबाब
दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, वेळ दुपारी १.४०

मी, गंगव्वा शिवकुमार हत्तरगी, वय ४९ वर्षे, धंदा टर्नर (स्वतःची लेथ), शिक्षण सातवी (कन्नड शाळा), राहणार यादवनगर, कोल्हापूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर राहते. माझे पती शिवकुमार बिद्रीला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. गळीत हंगाम सुरू असल्याने सध्या ते तिकडेच मुक्कामी आहेत. उद्यमनगरातील आमचे शेड माझे सासरे कै. शंकरप्पा यांनी सुरू केले. लग्नानंतर दोन वर्षे मी त्या शेडमध्ये लोखंडाचा किस गोळा करत होते. तिसऱ्या वर्षी सासऱ्यांना डाव्या डोळ्याने दिसेनासे झाले, तेव्हा त्यांनी मला लेथवर उभे केले. त्याला आता सत्तावीस वर्षे झाली. मी पंपाचे शाफ्ट, बुश, पुली अशी कामे करते. शेडमध्ये कामगार नाही. माझ्या शेडविरुद्ध आलेल्या अर्जात "सदर शेडमधील अज्ञात कारागीर" असे लिहिले आहे, तो कारागीर मीच आहे. अज्ञात नाही. बोर्डावर माझे नाव आहे.

आज सकाळी ११.१५ वाजता दोन पोलीस शेडवर आले. नेमबाजी क्लबचे सेक्रेटरी धैर्यशील मोरबाळे यांनी हा अर्ज दिल्याचे त्यांनी सांगितले. माझ्या शेडमध्ये बंदुका तयार होतात, तेथे गोळ्या झाडून बघतात, आणि क्रांती दिंडे या खेळाडूच्या रायफलीत बेकायदा फेरफार केला गेला, असे अर्जात आहे. पोलिसांनी लेथच्या स्विचबोर्डावर कागदी सील लावले. मला रिक्षाने मागून या म्हणाले. मी म्हणाले, तुमच्याच गाडीतून येते, कारण सगळ्या गल्लीने बघून झाले होते.

ठाण्यात आल्यावर एका हवालदारांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "मावशी, पाइपचा तुकडा समजून काम केलं म्हणा. कशाचा पार्ट हाय ते ठावं नव्हतं म्हणा. लगीच सुटाल." त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितले असावे. परंतु मी तसे म्हणणार नाही. ती रायफलीची नळी होती. मला माहीत होते. माहीत नसते तर ते काम मला जमलेच नसते.

विचारल्यावरून सांगते की, क्रांती दिंडे, वय १९, राहणार कळंबा, हिला मी पूर्वी ओळखत नव्हते. गुरुवार दिनांक ६ नोव्हेंबर रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास ती शेडवर आली. खांद्याला लांब काळी पेटी होती. माझ्याआधी ती अकरा शेडमध्ये जाऊन आली होती. पेटी उघडली की सगळे तिला बाहेर काढत होते. मी तिला पाणी दिले आणि पेटी उघडायला सांगितली.

ती हवेच्या दाबावर चालणारी, दहा मीटरवर नेम धरायची खेळाची एअर रायफल होती. रायफल तिची स्वतःची आहे. खरेदीचे बिल आणि नळीच्या या मापाच्या व या ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नसल्याचा कागद तिने मला त्याच दिवशी न मागता दाखवला. दोन्हीच्या प्रती आज हजर केल्या आहेत.

तिने सांगितलेली हकीकत अशी. सप्टेंबरपर्यंत साठ गोळ्यांना तिचे सहाशे चोवीसच्या आसपास गुण पडत होते. दिनांक १ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. त्या दिवशी क्लबमध्ये सगळ्यांच्या रायफली मांडून पूजा झाली. पूजेनंतर सेक्रेटरी मोरबाळे यांनी फोटोसाठी तिची रायफल हातात घेतली, कारण तिची नवी दिसत होती. ती त्यांच्या हातातून निसटून नळीच्या तोंडावर फरशीवर पडली. त्यांनी उचलून पुसली आणि "काय न्हाई झालं" म्हणाले. दुसऱ्या आठवड्यापासून तिचे गुण पाचशे नव्वदवर आले. तिने छर्रे बदलले, दुर्बीण नव्हे पण नेम धरायची कडी असते ती बदलली, बूट बदलले. काही फरक पडला नाही. क्लबच्या वहीत मोरबाळे यांनी लिहिले, "रायफल सुस्थितीत. खेळाडूची एकाग्रता कमी." तिचे प्रशिक्षक सुभेदार (निवृत्त) हंबीरराव चौगले यांनीही तिला महिनाभर घरी बसायला सांगितले. ते म्हणाले, "तुझ्या डोक्यात काय तर चाललंय. ते आधी काढ."

राज्य निवड चाचणी २३ नोव्हेंबरला पुण्यात आहे. रायफल कंपनीकडे पाठवली तर तीन महिने लागतील, असे तिला कळवले होते.

दोष नळीच्या तोंडाशी आहे, असे तिचे म्हणणे होते. मी तिला विचारले, "मग तोंडात दोष हाय हे तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "कुणी न्हाई. मीच शोधलं, मावशी." तिने पर्समधून कान साफ करायची कापसाची काडी काढली. ती नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवली. एका जागी कापसाचा धागा अडकला. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच अडकला. मी भिंग लावून बघितले. घड्याळात सातचा आकडा असतो साधारण त्या जागी कड आत दबली होती आणि दाबलेल्या धातूचा बारीक काटा उभा राहिला होता. आम्ही त्याला बर म्हणतो. माझ्या नखाला तो लागला नाही. कापसाला लागला.

याने काय बिघडते असे मला इथे विचारण्यात आले. सांगते. नळीच्या या शेवटच्या कडेला नेमबाज क्राऊन म्हणतात, आम्ही तोंड म्हणतो. छर्रा नळीत असेपर्यंत मागची हवा त्याला सगळीकडून सारखी ढकलते. ज्या क्षणी तो बाहेर पडतो, त्या क्षणी कड सगळीकडे सारखी असेल तर हवा सगळीकडून एकदम सुटते आणि छर्रा सरळ जातो. कडेला एका बाजूला खाच असेल तर हवा तिथून आधी सुटते आणि छर्‍याच्या शेपटीला एका बाजूने धक्का देते. घरच्या नळाच्या तोंडाला ढपली उडाली की धार वाकडी पडते, ते सगळ्यांनी बघितले आहे. तेच आहे. धक्का केसाएवढा असतो. परंतु दहा मीटरवर ज्या ठिपक्याला पुरे गुण आहेत तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. बाकीची नळी चांगली असून उपयोग नाही. छर्‍याला शेवटी शिवते ती ही कड.

त्या दिवशी मी काम घेतले नाही. विचार करून सांगते म्हणाले.

शुक्रवारी ७ तारखेला दुपारी क्रांती पुन्हा आली. सोबत तिची आई शालूबाई होत्या. त्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करतात. त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "बाई, रायफल दुरुस्त झाली न्हाई तरी चालंल. पोरीत दोष हाय का, तेवढं सांगा. सगळी म्हणत्यात पोरीत हाय. मी बी म्हटलंय."

यावरून मी रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे आवळायच्या लोखंडी पकडीत, धरायचे ठरवले. ही माझी कल्पना होती, क्रांतीची नाही. शेडच्या मागच्या भिंतीपासून शटरपर्यंत टेप लावून दहा मीटर मोजले. शटर खाली ओढले. कागदामागे प्लायवूड आणि त्यामागे लोखंडाच्या किसाचे भरलेले पोते ठेवले. रायफल लाकडी ठोकळे आणि रबर लावून व्हाइसमध्ये घट्ट आवळली. क्रांतीने फक्त घोडा दाबला. दहा छर्रे मारले. अर्जात "गोळीबाराचे आवाज" लिहिले आहेत, ते हे. आवाज टाळी वाजवल्याएवढा होता. शेजारच्या शेडमध्ये त्या वेळी पॉवर हॅमर चालू होता.

रायफल कुणाच्याही हातात नव्हती. तिला डोके नाही. एकाग्रता नाही. तरी दहा छर्‍यांची भोके रुपयाच्या नाण्याएवढी पसरली, आणि तीही एका अंगाला. मी तो कागद काढून त्यावर तारीख घातली आणि शालूबाईंच्या हातात दिला. मी म्हणाले, "पोरीत दोष न्हाई."

शालूबाई म्हणाल्या, "मग महिनाभर मी हिला काय काय बोलले." त्यापुढे त्या काय म्हणाल्या ते मशीन सुरू असल्यामुळे मला ऐकू आले नाही. त्या वेळी मशीनवर कोणते काम होते असे विचारल्यावरून सांगते की, काम नव्हते. मी मशीन सुरू केले.

धोका माहीत असताना हे काम का घेतले, असे विचारण्यात आले. २०१९ साली एका पंपाच्या कारखान्याने माझे एकशेचाळीस शाफ्ट नापास करून परत पाठवले होते. "बाईच्या हाताचं काम, असंच असणार" असे तेथील साहेब माझ्या सासऱ्यांना फोनवर म्हणाले. सासऱ्यांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. चार महिन्यांनी त्या कारखान्याचाच माप तपासायचा गेज चुकीचा निघाला. मला कळवायला कोणी आले नाही. दुसऱ्या टर्नरकडून कळले. तोपर्यंत सासरे वारले होते. यापेक्षा जास्त त्याबद्दल सांगायचे नाही.

सोमवार दिनांक १० नोव्हेंबर रोजी उद्यमनगरला सुट्टी होती. मी मुद्दाम तो दिवस घेतला, कारण आजूबाजूचे हॅमर बंद असतात आणि जमीन हलत नाही. सकाळी सात वाजता क्रांती रायफल घेऊन आली. नळी तिने स्वतः सोडवून दिली. मी नळीत ग्रीस लावलेला कापसाचा बोळा बसवला, म्हणजे किस आत जाणार नाही. नळी लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरली. इथे एक गोष्ट नीट लिहून घ्यावी. नळीच्या बाहेरच्या अंगावरून सेंटर काढून चालत नाही. बाहेरचा गोल आणि आतले भोक यांचे मध्य एकच असतील असे नाही. या नळीत ते नव्हते. मी भोकात बरोबर बसणारी पिन घातली आणि पिनवर डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारे काट्याचे माप, लावून आतल्या भोकाचे सेंटर काढले. त्याला पावणेदोन तास लागले. कापायला चार मिनिटे लागली.

धारदार टूलने बारीक बारीक कट घेऊन तोंड सरळ केले. नंतर कड थोडी आत घेतली, म्हणजे पुन्हा कुणाच्या हातातून रायफल पडली तरी मार बाहेरच्या कडेला बसेल, आतल्या कडेला नाही. शेवटी गोल डोक्याचा पितळी स्क्रू घेतला, त्याला घासून गुळगुळीत करायची लॅपिंग पेस्ट लावली आणि हाताने आतल्या कडेवर सगळीकडे सारखा फिरवला. क्रांतीने काडी फिरवली. कापूस अडकला नाही. तिने दुसरी काडी घेतली. मग तिसरी घेतली. मी तिला थांबवले नाही.

पुन्हा व्हाइसमध्ये धरून दहा छर्रे मारले. दहाचे मिळून एकच भोक पडले, वाटाण्याएवढे. क्रांती कागदाकडे पाच मिनिटे बघत बसली. मी लेथ पुसला. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी म्हणाले, "हात काळे हायेत माझे, लांब हो." ती म्हणाली, "असू देत की."

त्यानंतर काय झाले ते क्रांतीने मला फोनवर सांगितले. गुरुवार १३ तारखेला क्लबमध्ये तिचे सहाशे सव्वीस पडले. ते तिचे आजवरचे सर्वांत जास्त गुण आहेत. तिने ७ तारखेचा आणि १० तारखेचा असे दोन्ही कागद क्लबच्या बोर्डावर शेजारी शेजारी टाचले. खाली लिहिले, "रायफल व्हाइसमध्ये. खेळाडू नाही." कागद लावायला मी सांगितले नव्हते. मला विचारले असते तर मी हो म्हणाले असते.

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता धैर्यशील मोरबाळे यांचा मला फोन आला. ते म्हणाले, "बाई, तुमी पंपाची कामं करा. बंदुकीतलं तुमाला काय कळतंय?" मी म्हणाले, "मला तोंड कळतंय. पंपाचं असूं दे न्हाईतर बंदुकीचं." त्यांनी फोन ठेवला. काल १७ तारखेला त्यांनी हा अर्ज दिला. अर्जात क्रांतीला पुण्याच्या चाचणीला बसू देऊ नये, अशीही मागणी आहे. बंदुका तयार होतात म्हणून पोलिसांकडे आले असतील तर त्या मागणीचे कारण काय, हे त्यांनाच विचारावे.

आज दुपारी १२.३० च्या सुमारास मोरबाळे ठाण्यात हजर होते. क्रांती आणि शालूबाईही होत्या. पोलिसांनी कळंब्याहून आणलेली रायफल टेबलावर होती. पोलीस उपनिरीक्षक संयोगिता पोवार मॅडम यांच्यासमोर मी मोरबाळे यांना विचारले, "खंडेनवमीला ही रायफल तुमच्या हातातनं पडली का न्हाई?"

ते म्हणाले, "पडली न्हाई. नुसती टेकली."

मी विचारले, "कशावर?"

ते म्हणाले, "फरशीवर."

मी विचारले, "कोणत्या बाजूनं?" त्यावर ते मॅडमकडे वळले. त्यांना म्हणाले, "हे लिवू नका." मॅडम म्हणाल्या, "लिहून झालं." शालूबाई बाकावरून उठल्या आणि मोरबाळे यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना हात लावला नाही. शिवी दिली नाही. फक्त उभ्या राहिल्या. मोरबाळे यांनीच खुर्ची मागे सरकवली.

मॅडमनी मला विचारले, "आता दोष नाही हे मी कशावरून मानू?" मी म्हणाले, मानू नका, बघा. ठाण्यातील प्रथमोपचार पेटीतील कापूस काडेपेटीच्या काडीला गुंडाळून मी त्यांना दिला. त्यांनी स्वतःच्या हाताने नळीच्या तोंडावर तो फिरवला. धागा अडकला नाही. मग त्यांनी टेबलाच्या पत्र्याच्या कडेवर फिरवला. तिथे अडकला. त्यांनी दोनदा करून बघितले.

फोन करून बोलावलेले हंबीरराव चौगले दुपारी एक वाजता आले. त्यांनी कागदावर लिहून दिले की, क्राऊन दुरुस्त करणे स्पर्धेच्या नियमाबाहेर नाही, आणि पडलेल्या रायफलीची तपासणी करणे ही प्रशिक्षक म्हणून त्यांची जबाबदारी होती, ती त्यांनी पार पाडली नाही. हे दुसरे वाक्य त्यांना कोणी लिहायला सांगितले नव्हते. लिहून झाल्यावर ते क्रांतीला म्हणाले, "पोरी, तुझ्या डोक्यात काय न्हवतं. माझ्याच डोक्यात हुतं." क्रांतीने मान वळवून टेबलावरच्या रायफलीकडे बघितले. मी तिच्या जागी असते तर मीही लगेच माफ केले नसते.

१.१५ वाजता रायफल पावती करून क्रांतीला परत देण्यात आली. तिने ती पेटीत घालण्याआधी तोंडाकडे बघितले. माझ्या शेडवरील सील वरिष्ठ अधिकारी उद्या आल्यावर काढण्यात येईल, असे मला सांगितले आहे. मी उद्या सकाळी नऊ वाजता येथे येऊन बसेन. नाही निघाले तर परवा नऊ वाजता येईन. माझ्याकडे बारा पुल्यांचे काम अर्धवट आहे.

"यापुढे अशा प्रकारचे काम करणार नाही" अशी हमी लिहून देता का, असे मला विचारण्यात आले. देत नाही. परवाना लागतो अशा हत्याराला मी कधी हात लावलेला नाही आणि लावणार नाही, हे लिहून देते. परंतु पडलेली खेळाची रायफल घेऊन उद्या कोणतीही पोर माझ्या दारात आली, तर मी आधी ती व्हाइसमध्ये धरणार आहे. नळीत दोष निघाला तर नळी दुरुस्त करणार आहे. चौगले यांनी बाहेर जाताना क्लबच्या आणखी दोन रायफली बघाल का, असे मला विचारले आहे. मी सील निघाल्यावर या म्हणाले आहे. हेही यात लिहावे, म्हणजे नंतर लपवले असे कोणी म्हणायला नको.

माझा हा जबाब पोवार मॅडमनी मी सांगेन तसा संगणकावर उतरवून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर मी एक दुरुस्ती सांगितली. नळीचे तोंड किती कापले याच्या नोंदीत "अंदाजे एक मिलिमीटर" असे टंकले गेले होते. ते वाक्य काढून टाकण्यात आले आहे. मी शून्य पॉइंट सात मिलिमीटर कापले. अंदाजे कापलेले नाही. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे, म्हणून खाली सही करत आहे.

जबाब देणार
(सही, कन्नडमध्ये)
गंगव्वा शिवकुमार हत्तरगी

समक्ष
(सही)
संयोगिता पोवार
पोलीस उपनिरीक्षक